आरसीत 63, इंजिनात 61, चेसिसवर 59

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर सावंतवाडीहून टेम्पोत चढून एक फोक्सवॅगन बीटल माझ्या कोल्हापूरच्या शेडमध्ये आली. सोबत तीन खोकी होती, आणि खोक्यांवर मार्करने लिहिलेलं: ‘इंटिरिअर, 1963, कम्प्लीट’. मालक निवृत्त शिक्षक, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी ते गुरुजीच झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं. पत्रा झालाय, रंग झालाय, सामान घेऊन ठेवलंय, आता फक्त आतलं तेवढं बसवून द्या. दिवाळीपर्यंत होईल ना? मी हो म्हणालो. दिवाळी गेली, होळी गेली, आणि गाडी घरी गेली ती पुढच्या गणपतीत.

गाडी अडली ती पहिल्याच दिवशी. आमच्या पोराने खोकं फोडलं, पेट्रोलचा काटा बाहेर काढला, डॅशबोर्डावर स्पीडोमीटरच्या शेजारी धरून बघितला आणि म्हणाला, ‘दादा, याला भोकच नाही.’ मी चहा घेत होतो. मागे वळून बघेपर्यंत पोरगा ड्रिलला होलसॉ लावत होता.

तो कप तसाच ठेवून मी ड्रिलची पिन काढली. बीटलचा डॅश लोखंडी पत्र्याचा, सलग. त्यात एकदा भोक पाडलं की ते बुजवायला वेल्डिंग, घासणं, पुन्हा रंग, आणि तरीही जाणत्याला ते दिसणारच. पण खरा प्रश्न वेगळा होता. 63 च्या बीटलला पेट्रोलचा काटा कंपनीतूनच यायचा, मग याच्या डॅशला त्याची जागा का नाही?

फोक्सवॅगनने बीटलला काटा दिला तो ऑगस्ट 1961 पासून. त्याआधी काटा नव्हताच. टाकी 40 लिटरची, त्यातले शेवटचे 5 लिटर राखीव, आणि पायाशी एक कॉक. गाडी आचके द्यायला लागली की पायाने कॉक फिरवायचा. बजाजची स्कूटर वापरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे डॅश बदललेला नसेल, तर ही गाडी 63 ची असूच शकत नव्हती.

आता गुरुजींची आरसी. आरसीवर उत्पादनाचं वर्ष 1963. चेसिस नंबर होता, पण सहाच आकडी. कागदावरून कार्डावर येताना कुठेतरी एक आकडा गळाला होता. 63 च्या सुमाराला बीटलचा नंबर सात आकडी असायचा, त्यामुळे त्या नंबराचा काही उपयोग नव्हता. पुढच्या डिकीत स्टेपनीच्या मागे नंबराची पट्टी असते. ती रंगवाल्याने काढून ‘जपून’ ठेवली होती, म्हणजे हरवली होती.

इथे मी माझी चूक सांगून टाकतो, कारण तिच्यापायी एक महिना गेला. चेसिसवरचा नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो. या गाडीत तिथे डांबराचा आणि रंगाचा बोटभर थर होता. तो खरवडायचा कंटाळा केला आणि सोपा म्हणून इंजिनाचा नंबर घेतला. क्रॅंककेसवर, डायनामोच्या बैठकीखाली, तो स्वच्छ वाचता येत होता. आकडा 59 लाखांच्या घरातला. 34 हॉर्सपॉवरच्या इंजिनांची मालिका ऑगस्ट 1960 मध्ये 50,00,001 पासून सुरू झाली, त्या हिशोबाने हे इंजिन 1961 चं. मी गुरुजींना फोन करून सांगितलं, गाडी 61 ची, काटा यायच्या जरा आधीची, जमलं सगळं. आणि 61 च्या मॉडेलप्रमाणे दोन सनव्हायझर आणि डॅशवरची धरायची मूठ तशीच ठेवा म्हणालो, ती खोक्यात होतीच.

मूठ बसवायला घेतली तर तिलाही भोकं नाहीत. डाव्या सनव्हायझरलाही नाहीत. नवीन रंगाच्या खाली लांबीने, म्हणजे पुटीने, बुजवली असतील म्हणून डॅशच्या मागून हात घालून बोटाने चाचपलं. कोरा पत्रा.

मग मात्र रॉकेल, पटाशी आणि तारेचा ब्रश घेऊन मागच्या सीटखाली बसलो. दोन तास गेले. डांबर सुटलं तसा एकेक आकडा वर आला. सात आकडी, 27 लाखांच्या पुढचा. बीटलच्या नंबरांचं बरं असं, की 1964 च्या मध्यापर्यंत ते सरळ ओळीने वाढत गेलेत आणि कुठल्या महिन्यात कुठवर पोचले याची नोंद आहे. ऑगस्ट 1959 मध्ये 25,28,668 पासून नवीन मॉडेल सुरू झालं आणि डिसेंबर 59 अखेर आकडा 28,01,613 वर होता. आमचा नंबर या दोन्हींच्या मधला, वर्षअखेरीकडे झुकलेला. म्हणजे गाडी बांधली 1959 च्या शेवटी, आणि ती 1960 चं मॉडेल. हा घोळ नेहमीचा आहे. कारखान्याची सुट्टी संपली की ऑगस्टात पुढच्या वर्षाचं मॉडेल चालू होई. त्यामुळे ‘59 ची आहे’ म्हणून सामान मागवलं तर जुलै 59 पर्यंतचं स्टिअरिंग येतं, आणि ते या गाडीचं नव्हे. सामान मागवताना वर्ष सांगूच नये, चेसिस नंबर सांगावा.

इंजिन मागाहून बदललेलं, हे तेव्हा उघड झालं. खरं तर नंबर न वाचताही मला ते दिसायला हवं होतं. जुन्या 30 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला डायनामोची बैठक क्रॅंककेसमध्येच ओतलेली असते, 34 वाल्याला ती वेगळी, बोल्टने बसवलेली. इथे बोल्ट समोर दिसत होते. उलट गिअरबॉक्स मूळचाच होता. चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलं की तो ओरडायचा, कारण पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर न ओरडता पडावा यासाठीची योजना, आला तो ऑगस्ट 1960 ला. गुरुजी ‘गिअरबॉक्स खराब आहे’ म्हणत होते. खराब नव्हता, 59 चा होता.

मग 63 आलं कुठून? गुरुजींनी चहा पिता पिता सांगितलं, ‘ही आमच्या बापाशीन म्हापशासून हाडलेली.’ म्हापसा म्हणजे गोवा. बस, गाठ सुटली. 19 डिसेंबर 1961 पर्यंत गोवा पोर्तुगिजांकडे होता. पन्नाशीच्या दशकात भारताने नाकेबंदी केली तरी समुद्रामार्गे माल येत राहिला. इकडे देशात फियाट नि अँबेसेडरसाठी लोक नंबर लावून बसलेले असताना तिकडे मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन उतरत होत्या. मुक्तीनंतर या गाड्यांची भारतीय कायद्याखाली नव्याने नोंदणी झाली, ‘जीडी’ने सुरू होणारे नंबर मिळाले. गुरुजींच्या वडिलांनी सत्तरच्या दशकात गाडी घेतली तेव्हा जुन्या पुस्तकात नोंदणीचं वर्ष 1963 होतं. महाराष्ट्रात नवीन नंबर पडला, नोंदणीचं वर्ष उत्पादनाच्या रकान्यात सरकलं, आणि पुढे सगळ्यांनी तेच उतरवलं. गोव्याहून आलेल्या जुन्या गाडीची आरसी 62, 63, 64 सांगत असेल तर मी आता ते वर्ष पेन्सिलीनेच लिहितो.

नंबर मिळाल्यावरही मी एकट्या नंबरावर भिस्त ठेवली नाही. चेसिसवर दुसरी बॉडी बसवलेल्या बीटल मी पाहिल्यात. चार नळ्या-वायरी, बत्तीसेक बोल्ट, की बॉडी वेगळी. आतलं सामान बॉडीला बसतं, चेसिसला नाही. तेव्हा बॉडीची साक्ष वेगळी काढायला हवी होती. स्पीडोमीटर उतरवला. व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या मीटरला पाठीवर महिना-वर्षाचा शिक्का असतो, आमच्यावर 10/59. चाकांच्या रिमवरही तारीख ठोकलेली असते. पाचांपैकी चार 59 च्या, एक 62 ची. पण निर्णायक साक्ष दिली ती दरवाज्यामागच्या खांबाने. युरोपातल्या बीटलला जुलै 1960 पर्यंत लुकलुकणारे इंडिकेटर नव्हते. खांबातून बाहेर येणारा हात होता, ट्रॅफिकेटर. गाडीच्या खांबावर बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आतलं जुनं कापड सोलल्यावर खांबाच्या पोटात ट्रॅफिकेटरचं लोखंडी घर जसंच्या तसं, दोन्ही बाजूंना. बाहेरून चुंबक फिरवला तर वीतभर पट्टीवर तो धरेना. तिथे लांबी भरलेली. म्हणजे बॉडी ऑगस्ट 60 च्या आधीची, आणि काट्याची, मुठीची, डाव्या व्हायझरची भोकं नसणं त्याच्याशी जुळतं. चेसिस आणि बॉडी एकाच वेळची, यावर मी समाधान मानलं.

मग तीन खोक्यांचा निवाडा. काटा बाद. मूठ बाद. एक व्हायझर बाद. छताचं कापड बाद, कारण आलेलं होतं बारीक छिद्रांचं विनाइल, ते 63 च्या मॉडेलपासूनचं. त्याआधी छताला खरोखरचं कापड असे, लोकरीसारख्या पोताचं, काठाने खांबांपर्यंत उतरणारं. हीटरचा गोल नॉब बरोबर, तो जुलै 64 पर्यंत होताच. फ्लोअरचे रबरी मॅट सालाने बरोबर पण बाजूने चूक. ते डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचे निघाले, पेडलची भोकं भलतीकडे. गोव्यात पोर्तुगिजांच्या काळातही वाहनं डावीकडूनच चालायची, आणि ही गाडी उजव्या स्टिअरिंगची. उजव्या बाजूचं सामान शोधताना निवड निम्म्याहून कमी होते. मॅट शेवटी इंग्लंडमधून आले. वाहतूक आणि कस्टम धरून ते कितीला पडले, हे गुरुजींच्या घरी अजून सांगितलेलं नाही.

गाडीवर असलेलं स्टिअरिंगही तिचं नव्हतं. हॉर्नला अंगठ्याने दाबायच्या पट्ट्या होत्या, म्हणजे ऑगस्ट 63 च्या पुढचं. ऑगस्ट 1959 ला बीटलला नवीन खोलगट स्टिअरिंग आलं, दोन आऱ्यांचं, हॉर्नची अर्धी चकाकती कडी असलेलं. ते पुण्याच्या जुन्या बाजारात मिळेल अशी आशा धरून दोन रविवार घालवले. मिळाला एक पितळी भोंगा. स्टिअरिंग बेळगावच्या एका माणसाच्या माळ्यावर निघालं, तडे गेलेलं. तडे इपॉक्सीने भरून, घासून, रंगवून घेतले. नवीन मागवलं असतं तर गुळगुळीत आलं असतं, पण याच्या कडीवर बोटांनी क्रोम झिजलंय आणि मला ते तसंच आवडतं.

सगळ्यात जास्त वेळ सीटने खाल्ला, आणि सगळ्यात जास्त मजाही तिथेच आली. आमचे सीटकाम करणारे चाचा सत्तरीचे आहेत. त्यांना मी सांगून ठेवलं होतं की काहीही फाडून फेकायचं नाही, एकेक थर सोलायचा. सर्वात वर टर्किशचं तपकिरी कव्हर, नाड्यांनी बांधलेलं. खाली काळं रेक्झिन, ऐंशीच्या दशकातलं असावं. त्याखाली ताडपत्रीसारखं हिरवं काहीतरी, जाड सुईने घरीच शिवलेलं. आणि त्याच्याही खाली, मागच्या सीटच्या पाठीच्या कोपऱ्यात, फ्रेमच्या दातेरी पट्टीत चिमटून राहिलेला तळहाताएवढा तुकडा. करडा-निळसर लेदरेट, बारीक दाण्याचा, कडेला फिकट पायपिंग. उन्हाचा स्पर्श न झालेला. चाचांनी तो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला, आणि नखाने टाके मोजले. ‘इंच में सात,’ म्हणाले. मग पट्टी लावून पायपिंगची जाडी घेतली. आमच्या बाजारातलं पायपिंग त्याच्या दीडपट जाड असतं. चाचांनी बारीक दोर आणून ते स्वतः वळलं.

भरावाबद्दल आमचं थोडं वाजलं. चाचांना फोम हवा होता, सोपा आणि मऊ. पण बीटलच्या सीटमध्ये स्प्रिंगवर रबर लावलेल्या केसांची गादी असते. फोम घातला की सीट फुगते, शिवणी गोल होतात, आणि कव्हर कितीही अचूक शिवलं तरी गाडी नवीन सोफ्यासारखी दिसते. आम्ही रबर लावलेल्या काथ्याचे पत्रे आणले आणि थरांनी कापून बसवले. कोकणच्या गाडीत काथ्या, यावर गुरुजी खूश. बसायला टणक आहे. तशीच ती असायची.

एवढ्यात वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन ऑटोम्युझियमकडून प्रमाणपत्र आलं. चेसिस नंबर कळवला आणि फी भरली की ते कारखान्याच्या नोंदीतून गाडीची माहिती देतात. नोव्हेंबर 1959 चा शेवटचा आठवडा. आमचा अंदाज बसला. पण रंग? निळा. गुरुजींनी गाडी लालभडक करून आणली होती. ‘बीटल म्हटली की लालच डोळ्यासमोर येते हो,’ असं त्यांनी मला आधीच ऐकवलं होतं. स्टेपनीच्या खोबणीत खरवडलं तर लालच्या खाली पांढरा, पांढऱ्याच्या खाली निळा. फोक्सवॅगन बाहेरच्या रंगाला जुळवून आतलं कापड द्यायची. निळ्या गाडीचं करडं-निळं अंग आता लाल गाडीत बसणार होतं.

मी दोन मार्ग सांगितले. आतलं लालला शोभेल असं करू, किंवा आतलं मूळचं करू आणि बाहेरचं पुढे कधीतरी. पहिला मार्ग स्वस्त आणि दिसायला बरा होता. गुरुजींनी दोन दिवस मागून घेतले आणि दुसरा निवडला. रंग उडाला की निळी करीन म्हणाले. आज ती गाडी उघडल्यावर रंगसंगती जरा विचित्र वाटते. वाटू दे.

छत सीटच्या आधी करायला हवं, हे इथे नोंदवतो, कारण या क्रमात खूप जण फसतात. कापड तारांच्या कमानींवर टांगून काचांच्या कडेला ओढून चिकटवायचं असतं, म्हणजे पुढची-मागची काच आणि दरवाज्यांची रबरं निघालेलीच हवीत. गुरुजींच्या रंगवाल्याने काचा बसवून दिल्या होत्या. त्या पुन्हा काढल्या. छिद्रांचं विनाइल पुण्यातल्या एका 64 वाल्याला विकलं, काटा आणि मूठही त्यानेच नेली.

ट्रॅफिकेटर सहा व्होल्टवर पुन्हा चालू केले. पण मडगार्डावरचे इंडिकेटर, कुणीतरी मागाहून लावलेले, तेही ठेवले. शुद्धतावादी मित्रांनी नाक मुरडलं. गोवा हायवेवर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला खांबातून वीतभर हात बाहेर आलेला दिसेल, अशी माझी तरी खात्री नाही.

एक गोष्ट ठरवायची राहिली होती. डॅशच्या मधोमध, ॲशट्रेच्या वर, दोन बारीक भोकं होती. कंपनीची नव्हेत. रंगवाल्याने वरून लांबी भरली होती, मागून ती दिसत होती. गोव्यातल्या जुन्या गाड्यांत अशी दोन भोकं मी आधी पाहिलीत. सेंट क्रिस्तोफरची चकती तिथे लावत, प्रवाशांचा राखणदार म्हणून. वेल्डिंग करून बुजवू का, विचारायला फोन केला. गुरुजींनी संध्याकाळी एक जुना फोटो पाठवला. त्यात त्यांचे वडील स्टिअरिंगवर, आणि डॅशवर नेमक्या त्याच जागी छोटा पितळी गणपती. चकती काढून त्याच दोन स्क्रूंवर बसवलेला. भोकं मोकळी करून दिली. गणपती त्यांच्या देवघरात होताच.

आरसीवर अजून 1963 आहे. व्हिंटेज नोंदणीसाठी 2021 च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं मोजतात, त्यामुळे तिथे 59 की 63 याने बिघडत नाही. बदललेल्या इंजिनाचं काय म्हणतील, ते अर्ज केल्यावर कळेल. उत्पादनाचं वर्ष दुरुस्त करायचा अर्ज प्रमाणपत्राच्या भाषांतरासह दिलाय.

गाडी घेऊन गुरुजी आजऱ्यावरून आंबोली घाटाने स्वतः चालवत गेले. रात्री फोन आला. दाणोलीच्या अलीकडे गाडी आचके द्यायला लागली, घाबरलो, मग आठवलं आणि पायाने कॉक फिरवला, असं सांगत होते. आवाजात पहिलीतल्या मुलाचा आनंद. आता ते निघण्याआधी पुढचं झाकण उघडून टाकीत लाकडी पट्टी बुडवतात. शाळेतली, बारा इंची. पाच इंचांच्या खाली ओलं असेल तर पंपावर जायचं, असा त्यांनी हिशोब बसवलाय.